डावं अधिक उजवं, भागिले दोन

चौकशी अहवालाच्या तिसऱ्या पानावर एकच ओळ ठळक अक्षरांत छापली होती : ‘ससाणा चुकत नाही, अर्थात चूक माणसाची आहे.’

डॉ. उज्ज्वला ठोंबरेने ती ओळ वाचली. चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा वाचली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावरचं ते पान तिने असं काही बाजूला सारलं, की पलीकडच्या टेबलांवरची दोन माणसं माना वर करून बघायला लागली.

‘ससाणा’ हा तोफेचा गोळा होता, आणि उज्ज्वलाच्या आयुष्याची बावीस वर्षं त्याच्याभोवतीच्या हवेत गेली होती.

साधा गोळा नळीतून सुटला की त्याचं नशीब ठरलेलं असतं. वारा त्याला जिथे ढकलेल तिथे तो जातो. ससाण्याच्या नाकाशी मात्र तळहाताएवढे चार पंख होते. उडता उडता ते पंख तिरके करून तो वळू शकत होता, लक्ष्य सरकलं तर त्याच्यामागे सरकू शकत होता. पण वळायचं तर आधी हे कळायला हवं, की आत्ता, या वेगाला, या वाऱ्यात पंख इतका तिरका केला तर हवा आपल्याला नेमकी किती आणि कुठे ढकलेल. हे गणित उज्ज्वलाचं. गोळ्याभोवतीच्या हवेची कोट्यवधी बारीक घरं पाडायची, प्रत्येक घरातल्या हवेचा दाब, वेग आणि तापमान शेजारच्या घरांशी जुळेपर्यंत सोडवत राहायचं. समीकरणं दोनशे वर्षांपूर्वीची, पण ती इतक्या घरांत सोडवायची म्हणजे महासंगणकालाही घाम फुटे. गोळ्याची एक स्थिती, म्हणजे एक वेग, एक वारा आणि एक तिरकेपणा, सोडवायला सोपी असली तरी तासभर आणि अवघड असली तर अकरा दिवस लागत. आणि गोळा हवेत असतो जेमतेम दीड मिनिट.

सात वर्षांपूर्वी, उज्ज्वला जिथे काम करत होती त्या पुण्यातल्या शस्त्र-संशोधन केंद्राचे संचालक डॉ. श्रीरंग सबनीस यांनी यातून वाट काढली. सोडवून ठेवलेल्या हजारो स्थिती त्यांनी एका शिकणाऱ्या प्रणालीला दाखवल्या. ‘त्वरित’ असं तिचं नाव. हजारो उत्तरं पाहून पाहून ती नव्या स्थितीचं उत्तर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात सांगायला शिकली. मग नखाएवढ्या चिपवर बसवून तिला गोळ्याच्या नाकातच ठेवून दिली. आपल्याभोवतीची हवा आपणच ओळखणारा गोळा जगात कुणाकडे नव्हता.

त्याचा परिणाम तोफांपुरता राहिला नाही, तो जमिनीवरही झाला. पुण्यापासून चार तासांवरच्या खडकमाळच्या चाचणी मैदानाभोवती पूर्वी आठ किलोमीटरचा पट्टा ओसाड ठेवावा लागे, कारण गोळे भरकटत. ससाणा भरकटत नाही म्हटल्यावर पट्टा दीड किलोमीटरवर आला आणि चाळीस वर्षांपूर्वी उठवलेल्या तीन गावांना त्यांची जमीन परत मिळाली. त्या समारंभात त्यांतल्याच निंबळवाडीच्या बायकांनी उज्ज्वलाला हळदकुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली. ती मंडपातच रडली होती. जन्मभर शस्त्रं केली, पण त्यातून निदान तीन गावं वसली, असं तिला वाटलं होतं.

आणि आता, तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी अकरा वाजता सरावाचा एक ससाणा लक्ष्यापासून चार किलोमीटरवर, निंबळवाडीच्या सौरशेतात पडला. आत स्फोटक नव्हतं, पण चाळीस किलो लोखंड आकाशातून येतं तेव्हा स्फोटकाची गरज पडत नाही. संगीता दहातोंडे नावाची बाई तिथे सौरपट्ट्या धूत होती. ती जागीच गेली.

अहवाल सबनीसांनी लिहिला होता, आणि त्याप्रमाणे चूक हवालदार नवनाथ सुपेकर याची होती. त्याने लक्ष्याचे आकडे चुकीचे भरले.

*

दोन दिवसांनी संध्याकाळी उज्ज्वला केंद्राच्या फाटकातून बाहेर पडली, तर रस्त्यापलीकडे एक माणूस ताठ उभा होता. अंगावर साधा शर्ट-पँट, पण बूट आरशासारखे चकाकत होते.

“ठोंबरे मॅडम? मी सुपेकर. गोळा मी डागला.”

“तुम्ही इथे यायला नको होतं,” उज्ज्वला म्हणाली. “चौकशी चालू आहे.”

“चौकशी झाली मॅडम, आता शिक्षा ठरायची राहिलीय. पुढच्या महिन्यात ब्रिगेडियर साहेबांपुढे शेवटची सुनावणी आहे. पाच मिनिटं द्या.” तिने होकार द्यायची वाटही न बघता तो बोलायला लागला. “एकोणीस वर्षं झाली तोफेवर. आकडे मी टाकतो, दुसरा मोठ्यानं वाचतो, तिसरा ताडून बघतो. तिघांनी एकच चूक एकाच वेळी केली, असं त्यांचं म्हणणं आहे.”

“मग चूक कुठे झाली?”

“वर. हवेत.” त्याने उजवा हात गोळ्यासारखा पुढे धरला. “वारा उजवीकडून होता, जोराचा. गोळा डावीकडं ढकलला जात होता, म्हणजे त्यानं उजवीकडं वळायला पाहिजे. सरावाच्या गोळ्यामागं धूर सोडतात, तो मी दुर्बिणीतून बघत होतो. नाक उजवीकडं फिरलं मॅडम. बरोबर फिरलं. पण गोळा गेला डावीकडं! डावीकडं गेला म्हणून त्यानं नाक अजून उजवीकडं फिरवलं, तर तो अजून डावीकडं गेला. असं करत करत गेला तो थेट गावावर. हे मी सांगितलं, तर साहेब म्हणाले, असं होत नसतं.”

“कोण साहेब?”

“तुमचेच. सबनीस साहेब.”

संध्याकाळची गर्दी दोघांच्या बाजूने वाहत होती. नाक उजवीकडे आणि गोळा डावीकडे. हे होतं. कुणाला माहीत नसेल, पण तिला माहीत होतं.

“घरी जा, सुपेकर,” ती म्हणाली. “आणि जे पाहिलं ते शब्दाला शब्द लिहून ठेवा. कुणी काही म्हणालं तरी त्यातला एक शब्द बदलू नका.”

ती पुन्हा फाटकातून आत गेली.

*

पाण्यात हात तिरका धरून ओढला की त्याच्या दोन्ही कडांनी भोवरे सुटतात. ससाण्याचं नाक तिरकं झालं की त्याच्या पंखांवरून हवेचे असेच दोन भोवरे सुटत आणि अंगावरून घरंगळत शेपटीपर्यंत जात. तिरकेपणा थोडा असेल तोवर दोघे जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी चालत. पण एका मर्यादेपलीकडे त्यांचं बिनसे. एक अंगाला चिकटून राही, दुसरा सुटून वर उठे, आणि शेपटीला एका बाजूने जबरदस्त धक्का बसे. कुठला चिकटेल आणि कुठला सुटेल, हे केसाएवढ्या फरकावर अवलंबून. कधी गोळा हवा तिकडे वळे, कधी बरोबर उलट.

सात वर्षांपूर्वी उज्ज्वलाने अशा दोनशे बारा स्थिती, वेळ वाचवायला मोठी घरं पाडून, ढोबळपणे सोडवायला घेतल्या होत्या. एकीचंही उत्तर स्थिर होईना. गणित डावीकडे झुके, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. शेवटी तिने शेरा लिहिला होता : ‘उत्तर ठरलेले नाही. त्वरितला देऊ नये. गोळ्याला या टापूत जाऊ देऊ नये.’ त्यानंतर तिला दुसऱ्या प्रकल्पावर घेतलं. वर्षभराने ससाण्याचं प्रमाणपत्र सहीला आलं, तेव्हा एकसष्टाव्या पानावर, ‘गणिते तपासली’ या शब्दांखाली तिने सही केली. त्या दोनशे बारांचं पुढे काय झालं, हे तिने विचारलं नव्हतं. सरांनी बघितलं असेल, असं ती धरून चालली.

आता तिने त्वरितला शिकवायला दिलेल्या उत्तरांची मूळ यादी उघडली. दोनशे बारा ओळी तिथे होत्या. शेरा नव्हता. उत्तराच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच आकडा होता : शून्य.

ती एकेक ओळ खाली सरकवत गेली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिच्या तोंडून अशी शिवी निघाली, जी तिने उभ्या जन्मात उच्चारली नव्हती. कुणीतरी सरासरी काढली होती. डावीकडचा धक्का अधिक उजवीकडचा धक्का, भागिले दोन. उत्तर शून्य. म्हणजे गोळा सरळ जाईल! जिथे हवा गोळ्याला कधीच सरळ जाऊ देत नाही, नेमकं तिथेच त्वरितला शिकवलं होतं, की इथे काळजीचं कारण नाही.

*

“बस,” सबनीस म्हणाले. त्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला.

हा माणूस तिचा गुरू होता. पंचविसाव्या वर्षी, कडेवर तान्ही मुलगी असताना, तिला कुणी संशोधनात घ्यायला तयार नव्हतं, तेव्हा यांनी घेतलं. हवेची घरं संगणकावर पाडायच्या आधी कागदावर हाताने कशी आखायची, ते यांनीच शिकवलं. त्यांच्यासमोर ती आजवर आवाज चढवून बोलली नव्हती.

“ती सरासरी कुणी काढली, सर?”

त्यांनी विचारलंही नाही, कुठली सरासरी म्हणून. “मी,” ते म्हणाले. “मोकळ्या जागा असल्या की त्वरित बिथरत होती. काहीतरी भरणं भाग होतं. उज्ज्वला, दोनशे बारा म्हणजे एकूण स्थितींच्या अर्धा टक्कासुद्धा नाहीत.”

“त्या अर्ध्या टक्क्यात एक बाई मेली.”

“वाईट झालं. पण न चुकणारं यंत्र जगात आहे कुठे?”

“मग ‘ससाणा चुकत नाही’ असं लिहिलंत कशाला?” तिचा आवाज दाराबाहेर गेला. “चुकतो असं लिहा ना! चुकतो, कधी चुकतो ते आम्हाला ठाऊक आहे, पण आम्ही ते झाकून ठेवलं, असं लिहा!”

“हळू बोल.” सबनीस शांतच होते. “तसं लिहिलं असतं तर सैन्याने गोळा घेतला नसता. गोळा घेतला नसता तर पट्टा कमी झाला नसता आणि त्या तीन गावांना जमीन मिळाली नसती. त्या दिवशी मंडपात तू रडत होतीस. पाहिलंय मी.”

“मी का रडत होते, ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही उभे राहून बघत होतात.”

“पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. गाजावाजा न करता.”

“आणि सुपेकर?”

“बडतर्फ होईल फार तर. त्याला कुठेतरी लावून देऊ आपण.” सबनीस खुर्चीत मागे टेकले. “आणि एक लक्षात ठेव, एकसष्टाव्या पानावर सही तुझी आहे. मी बुडलो तर तूही बुडशील.”

उज्ज्वला उठली. त्यांच्या टेबलावर ससाण्याची वीतभर पितळी प्रतिकृती होती, मखमली पाटावर बसवलेली. ती तिने उचलली, टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत उलटी टाकली आणि म्हणाली, “बुडू मग दोघंही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पासवर्ड चालेना. दुपारी तिने ब्रिगेडियरना पत्र लिहिलं : मला साक्षीदार म्हणून बोलवा.

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती निंबळवाडीला गेली. का गेली, ते तिला नीट सांगता आलं नसतं. सौरशेतातली एक रांग चक्काचूर झाली होती आणि मध्ये कंबरभर खड्डा होता. बाकीच्या पट्ट्या एक मुलगी पाइपने धूत होती. चोवीसेक वर्षांची, ओढणी कमरेला खोचलेली. संगीताची मुलगी प्राजक्ता. आयटीआय करून बायकांच्या गटाचं हे शेत तीच चालवत होती.

“पंचनामा झालाय,” ती मागे न वळता म्हणाली. “तीनदा झालाय.”

“मी पंचनाम्याची नाही. तो गोळा ज्यांनी बनवला, त्यांतली मी एक.”

प्राजक्ता वळली. तिने हातातला पाइप उज्ज्वलावर रोखला. पाणी जोराचं होतं. छातीवर, तोंडावर, चष्म्यावर. उज्ज्वला मागे सरली नाही. डोक्यापासून पायापर्यंत निथळेस्तोवर प्राजक्ताने पाणी मारलं, मग कॉक बंद केला.

“आता बोला.”

उज्ज्वलाने सांगितलं. आतल्या यंत्राचं काही नाही, ते सांगायची मुभा नव्हती. एवढंच, की जोराच्या आडव्या वाऱ्यात गोळा उलटा वळू शकतो, हे सात वर्षांपूर्वी तिच्या गणितात दिसलं होतं. तिने लिहून दिलं होतं. आणि पुढे विचारलं नाही.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“अर्धवट.”

“अर्धवट ठाऊक असणं म्हणजे काय असतं हो?” प्राजक्ताचा आवाज फाटला. “माझी आई अर्धवट मेली का? तिचा चेहरासुद्धा बघू दिला नाही आम्हाला!”

उज्ज्वलाच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. ती म्हणाली, “उद्या मी हे ब्रिगेडियरांसमोर सांगणार आहे.”

“त्यानं काय होईल?”

“हवालदार सुटेल.”

“आणि?”

उज्ज्वलाने चष्मा पुसायला ओढणी उचलली; तीही ओली होती. परतीच्या चार तासांत कपडे अंगावरच वाळले, पण राग वाळला नाही. तो आता एकट्या सबनीसांवर नव्हता.

*

सुनावणी बंद दाराआड झाली. सबनीसांनी मोठ्या पडद्यावर आलेख दाखवले. अकराशे चाळीस गोळे डागले, एकूण एक लक्ष्यावर. ते छान बोलत, नेहमीसारखेच.

उज्ज्वला उठली. “हे अकराशे चाळीस गोळे हिवाळ्यात, शांत हवेत डागलेत. तारखा त्यांच्याच तक्त्यात आहेत. जोराच्या आडव्या वाऱ्यात एकही नाही. ज्या टापूत तो चुकतो, तिथे त्याला कधी पाठवलंच नाही.” मग तिने भोवऱ्यांचं सांगितलं, दोनशे बारा स्थितींचं सांगितलं, शून्यांचं सांगितलं.

“ठोंबरेबाईंच्या मनाची ओढाताण होतेय,” सबनीस हळुवारपणे म्हणाले. “शिवाय गणितं तपासल्याची सही त्यांचीच आहे.”

“आहे. मी न बघता केली. त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती करा. पण हा माणूस निर्दोष आहे.” तिने मागे भिंतीशी उभ्या असलेल्या सुपेकरकडे बोट दाखवलं.

ब्रिगेडियर पन्नाशीचे होते. त्यांनी कपाळ चोळलं. “दोन शास्त्रज्ञ, दोन मतं. मी तोफखान्याचा माणूस. तुमची समीकरणं मला कळत नाहीत.”

“मग समीकरणं राहू द्या, साहेब. गोळे पुन्हा डागा. तीच तोफ, तेच लक्ष्य, बारा गोळे. आणि तसाच वारा असेल तो दिवस निवडा. गाव रिकामं करा. फक्त संगीताबाई जिथे उभ्या होत्या तिथे एक खुर्ची ठेवा.” ती सबनीसांकडे वळली. “आणि सरांनी त्या खुर्चीत बसावं.”

सबनीस हसले. दुसरं कुणी हसलं नाही, हे त्यांना थोडं उशिरा कळलं.

“हा काय पोरखेळ आहे?”

“डॉ. सबनीस,” ब्रिगेडियर म्हणाले, “मलाही ऐकायचंय. बसाल?”

“सुरक्षेच्या नियमांनुसार...”

“कुठल्या नियमांनुसार?” उज्ज्वला ओरडली. “तिथे माणसांनी राहायला हरकत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय! तिथे लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, शाळा आहे! त्यांनी चोवीस तास राहायचं, आणि तुम्हाला एक सकाळ बसवत नाही?”

सबनीसांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, तोंडाला लावला आणि खाली ठेवला. आतापर्यंत भिंतीशी नजर सरळ रोखून उभा असलेला सुपेकर मान वळवून त्यांच्याकडे बघत होता.

“बरं,” ब्रिगेडियर म्हणाले. “गोळे डागू. खुर्ची नको.”

वाऱ्यासाठी सहा दिवस थांबावं लागलं. सातव्या दिवशी तो आला. तिन्ही गावं रिकामी केली होती. आकडे ब्रिगेडियरनी स्वतः मोठ्याने वाचले. पहिला गोळा लक्ष्यावर, दुसरा लक्ष्यावर. सहावाही लक्ष्यावर पडला तेव्हा सबनीसांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. सातव्याचं नाक उजवीकडे वळलं आणि गोळा डावीकडे निघाला. पांढऱ्या धुराची रेघ आकाशात वाकत गेली, वाकत गेली आणि निंबळवाडीच्या ओढ्यापलीकडे बाजरीच्या रानात उतरली. दहावाही तसाच गेला. बारावा झाल्यावर सुपेकर तिथेच मातीत उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं.

आपण खरे ठरलो म्हणून उज्ज्वलाला जराही बरं वाटलं नाही. धुराची ती रेघ विरेपर्यंत ती बघत राहिली. तिच्या गणितात सात वर्षांपूर्वी हुबेहूब हीच रेघ होती.

*

सुपेकरला कामावर परत घेतलं. सबनीस ‘प्रकृतीच्या कारणाने’ मुदतीआधी निवृत्त झाले आणि केंद्राने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. उज्ज्वलाच्या सेवापुस्तकात ताशेरा आला आणि तिची बदली प्रशिक्षण विभागात झाली. हे सगळं तिने गिळलं असतं. पण चौथा आदेश आला : ससाण्यात दुरुस्ती होईपर्यंत मैदानाचा पट्टा पूर्ववत आठ किलोमीटर. तिन्ही गावं तीस दिवसांत खाली करावीत.

गोळा चुकला, म्हणून गावाने उठायचं.

निंबळवाडीच्या ग्रामसभेत ती गेली तेव्हा सभामंडप खच्चून भरला होता. आत शिरताच कुजबूज सुरू झाली. एका म्हाताऱ्याने उभं राहून विचारलं, “बाई, खरं बोललात म्हणं तुम्ही. त्या खऱ्याचं आमी काय करायचं? गोळा तितंच, आन् आमीच भाईर!”

“ते सांगायलाच आलेय,” उज्ज्वला म्हणाली. प्राजक्ता पुढेच बसली होती. तिने उज्ज्वलाकडे पाहिलं नाही, पण शेजारची सतरंजी झटकली आणि म्हणाली, “बसू द्या त्यांना. बोलू द्या.”

उज्ज्वला उभ्यानेच बोलली. “जो गोळा कुठे जाईल हे सांगता येत नाही, तो डागायचाच नाही. उठायचं त्याने, तुम्ही नाही. ठरावात एवढंच लिहा, की गणित पुरं होईपर्यंत खडकमाळला ससाणा बंद. मी कोर्टात शपथेवर सांगते, की आठ किलोमीटरही पुरायचे नाहीत, कारण तो किती उलटा जाईल याचा अंदाज आज कुणालाच नाही.”

“किती दिस लागतील गणिताला?”

“दोनशे बारा स्थिती. एकेक अकरा दिवस. संगणक रात्रंदिवस चालला तर सहा वर्षं पाच महिने. त्याहून लवकर होतं असं कुणी सांगितलं, तर तो खोटं बोलतोय.”

ठराव एकमताने झाला आणि तो घेऊन गाव कोर्टात गेलं. केंद्राने तिला नोटीस दिली, प्रशिक्षण विभागातूनही काढायची धमकी दिली. तिने साक्ष मागे घेतली नाही. कोर्टात तीन तारखा झाल्या आणि चौथ्या तारखेला निकाल लागला : गणित आणि प्रत्यक्ष चाचण्या पूर्ण होईपर्यंत ससाणा डागण्यास मनाई, गावं जागेवर राहतील. आणि ते गणित ज्या व्यक्तीने मूळ शेरा लिहिला होता, तिच्याच देखरेखीखाली व्हावं, असंही कोर्टाने म्हटलं. केंद्राला तिला परत बोलवावं लागलं.

निकालाचा कागद घेऊन ती दुसऱ्या दिवशी निंबळवाडीला गेली. खड्डा बुजवला होता. नव्या पट्ट्यांची रांग उभी राहत होती आणि प्राजक्ता पान्हा घेऊन खाली वाकून बोल्ट आवळत होती. तिने हात पुसले, कागद घेतला आणि दोनदा वाचला.

“म्हणजे सहा वर्षं आम्ही इथेच.”

“त्यानंतरही. गणित बरोबर आलं तर तो खरंच चुकणार नाही. मग तुमची भीती कायमचीच गेली.”

प्राजक्ताने कागदाची घडी केली. “तो चुकायचा थांबला,” तिने विचारलं, “की मग कुठे पडणार?”

“जिथे पाठवतील तिथे.”

“तिथे कोण असेल?”

वेग, दाब, तापमान, पंखाचा तिरकेपणा; उज्ज्वलाच्या गणितात कोट्यवधी घरं होती आणि त्यांतल्या एकाही घरात माणूस नव्हता. बावीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

“आपलं कुणी नसेल,” ती शेवटी म्हणाली, आणि शब्द तोंडातून बाहेर पडताच ते किती फालतू आहेत हे तिला कळलं.

“असं,” प्राजक्ता म्हणाली. आणि पान्हा उचलून ती पुन्हा बोल्ट आवळायला बसली.